कृपेनंच तारण, मग सत्कर्मं कशाला? लूथर नक्की काय म्हणतो?

मलप्रभेकाठचा
सर्वांना सलाम. मी खानापूर तालुक्यातला, घरचे मेथडिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती). आमच्या घरगुती प्रार्थनेत इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतला होता. तारण (पापातून सुटका) कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे देवाचं दान आहे, ते आठवं-नववं वचन. तर तरुणांपैकी एकानं सरळ विचारलं की तारणात आपल्या कामांचा एक पैशाचा हिशोब नसेल तर आपण पोरांच्या फिया भरतो, रक्तदान करतो, आजाऱ्याकडं डबा पोचवतो हे सगळं कशासाठी? वडीलधाऱ्यांनी त्याला गप्प केलं, असं विचारू नये म्हणाले. मला ते पटलं नाही, कारण प्रश्न खरा आहे आणि त्या पोरानं तो मनापासून विचारला होता. नंतर चहाला एक काका म्हणाले की हे सगळं लूथरनं (सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक) आणलं, त्यानंच सत्कर्मं उडवून लावली. खरंच उडवली काय ओ? कुणी नीट वाचलं असेल तर सविस्तर लिहा, लांब झालं तरी चालेल. इतर धर्मातल्यांनीही बिनधास्त लिहावं, फक्त भांडण नको.

गुंटूरहून_परत
दादा, त्या पोराला माझ्याकडून शाबासकी सांगा. हाच प्रश्न पौल स्वतः रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला घालतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय? कृपेचा उपदेश ज्यानं कान देऊन ऐकलाय त्यालाच हा प्रश्न पडतो. ज्या उपदेशानंतर तो कुणालाच पडत नाही त्यात कृपा कमी आणि उपदेशच जास्त झाला असं मी समजतो.

मी जन्मानं बेळगावचा मेथडिस्ट, पण नोकरीची बरीच वर्षं गुंटूरला काढली आणि तिथं आंध्र इव्हँजेलिकल लूथरन चर्चच्या उपासनेला जायचो (तिथलं मिशन १८४२ पासूनचं). तिथल्या पाळकांकडून जे शिकलो आणि नंतर जे वाचलं त्यावरून लिहितो.

लूथर १४८३ चा. १५०५ ला वादळात सापडला, वीज अगदी जवळ पडली, घाबरून संत ॲनाला नवस बोलला की वाचलो तर मठात जाईन, आणि गेला. मठात त्यानं काही कमी केलं नाही. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं सगळं केलं, आणि पापांगीकाराला बसला की तासन्‌तास उठायचा नाही, कारण एखादं पाप सांगायचं राहून गेलं तर? स्टाउपिट्झ म्हणून त्याचे वरिष्ठ होते, त्यांनी त्याला सांगितलं की स्वतःत खोदत बसू नको, ख्रिस्ताच्या जखमांकडं बघ. पुढं १५१२ ला तो डॉक्टर झाला, विटेनबर्गला स्तोत्रं, रोमकरांस पत्र, गलतीकरांस पत्र शिकवायला लागला आणि ते शिकवताना त्याला कळलं की ज्या नीतिमत्त्वाच्या (देवापुढं निर्दोष असण्याच्या) भीतीनं आपण थरथरत होतो ते देव मागत नाहीये, देतोय. ख्रिस्तामुळं, फुकट. आपण ते विश्वासानं घ्यायचं, बस.

आता तुमच्या काकांचं म्हणणं. लूथरनं १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला क्षमापत्रांविरुद्ध मांडलेले ९५ मुद्दे सगळ्यांना माहीत असतात पण वाचलेले कमी असतात. टेट्झेल म्हणून एक धर्मोपदेशक गावोगाव क्षमापत्रं (पापाची शिक्षा माफ झाल्याचे कागद) विकत होता, रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पैसा जात होता. त्यावर लूथरचा ४३ वा मुद्दा असा की गरिबाला देणारा किंवा अडलेल्याला उसने देणारा हा क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो. आणि ४५ वा तर फारच कडक, गरजवंताला बघून पुढं जाणारा आणि तोच पैसा क्षमापत्राला देणारा माणूस क्षमा विकत घेत नाही, देवाचा कोप विकत घेतो. ह्या माणसानं सत्कर्मं उडवली म्हणायचं? पहिल्याच कागदावर तो गरिबाची बाजू घेऊन उभा आहे.

त्यानं केलं काय, तर कर्मांची दिशा बदलली. आधी कर्म वर जायचं, देवाकडं, काहीतरी मिळवायला. लूथर म्हणतो वरचं काम ख्रिस्तानं पूर्ण केलंय, तिथं तुझ्या हातचं काही लागत नाही. म्हणून तुझे दोन्ही हात आता मोकळे आहेत, ते शेजाऱ्याला लाव. १५२० ला त्यानं एकाच दमात दोन गोष्टी लिहिल्या, ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा स्वामी, कुणाचा बांधील नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा सेवक, सगळ्यांचा बांधील. विश्वासानं पहिलं, प्रीतीनं दुसरं.

शहापूर_पेठ
वाचतोय. लिहा पुढं.

माळकरी_येळ्ळूर
नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे, पण विषय ओळखीचा वाटला म्हणून लिहितो. आमच्याकडं श्रीवैष्णवांत दोन न्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, म्हणजे भक्तानंही आपल्या बाजूनं धरायला पाहिजे, हे वेदान्त देशिकांच्या परंपरेचं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच मानगुटीला धरून नेते, हे पिळ्ळै लोकाचार्यांच्या परंपरेचं. ह्यात तुमचा लूथर कुठं बसतो? आणि दुसरं, हे गीतेतल्या निष्काम कर्मासारखंच झालं की, फळाची आशा सोडून कर्म करायचं.

गुंटूरहून_परत
माऊली, फार चांगलं विचारलंत. लूथर मांजरीच्या बाजूचा, बिलकुल शंका नाही. त्याच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागावर त्यानं लिहिलंय की मी माझ्या बुद्धीनं किंवा शक्तीनं ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानंच मला बोलावलं. म्हणजे धरणारा हातसुद्धा देवानंच दिलेला. पुष्कळ लोक समजतात की कर्माच्या जागी लूथरनं विश्वास हे एक नवीन कर्म आणून बसवलं, आता विश्वास जोरात ठेवला की पास. तसं अजिबात नाही.

निष्काम कर्माशी जवळीक वाटते खरी, पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. गीतेत फळाची आसक्ती सोडायची हा साधनेचा मार्ग आहे, साधक त्या वाटेनं पुढं जातो. लूथरच्या इथं आधीच पोचवलेलं आहे. फळ सोडायचं नाहीये, ते आधीच हातात दिलंय आणि मग कामाला लावलंय. चूक असेल तर सांगा, गीतेवर अधिकारानं बोलायचा माझा अभ्यास नाही.

माळकरी_येळ्ळूर
नाही, फरक बरोबर पकडलात. विचार करायला लावलंत.

निपाणी_वखारगल्ली
सगळं वाचलं. तत्त्वज्ञान छान हाय पण जमिनीवर काय दिसतंय ते मी सांगतो, राग मानू नका. आमच्याकडं एक गृहस्थ आहेत, तंबाखूच्या वखारीत बायका कामाला ठेवतात. संध्याकाळी हजेरी मांडताना अर्धा दिवस खायचा हे ठरलेलं, बाईनं विचारलं की उद्यापासून येऊ नको. धुळीनं खोकत खोकत त्या बायका पानं निवडतात, पदर नाकाला बांधून, आणि हजेरीच्या वहीवर अंगठा उठवताना काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. आणि हाच माणूस रविवारी उभा राहून साक्ष देतो, मी कर्मानं नव्हे, कृपेनं तारलेला पापी आहे, हालेलुया. लोक आमेन म्हणतात. ही तुमची कृपा? मग त्यापेक्षा कर्माची भीती असलेली बरी, निदान बायकांचे पैसे तरी मिळतील.

दुसरी बाजू पण सांगतो. ऑगस्ट २०१९ ला वेदगंगा-दूधगंगेला पूर आला तेव्हा एका संस्थेची माणसं पिठाच्या पिशव्या घेऊन आली, फोटो काढल्याशिवाय पिशवी हातातून सोडेनात. ते कर्मानं पुण्य मिळवणारे. दोन्हीकडं गरिबाचा वापरच झाला की ओ.

कॅम्पातला_कॅथलिक
वखारगल्ली भाऊ, तुमच्या पोस्टला पूर्ण पाठिंबा. मी त्यात आमच्या बाजूचं घालतो, कारण इथं गृहीत धरलं जातं की कॅथलिक म्हणजे कर्मानं तारण मानणारे. तसं नाही हो. आमच्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं १५४७ ला नीतिमान ठरण्याबद्दल जो ठराव केला त्यातही सुरुवात कृपेनंच होते, स्वतःच्या कर्मांच्या जोरावर ख्रिस्ताच्या कृपेवाचून कुणी नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला तिथं दोषीच ठरवलंय. आमचा आग्रह एवढाच की कृपा माणसाला आतून बदलते आणि माणूस त्या कृपेला साथ देतो, आणि एकटा विश्वास प्रीतीवाचून असेल तर तो पुरत नाही. याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय, कृतींवाचून विश्वास निर्जीव. तुमच्या लूथरनं त्याच पत्राला १५२२ च्या प्रस्तावनेत गवताचं, म्हणजे कमी वजनाचं, पत्र म्हटलं, हे कसं काय?

बाकी ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत आउग्सबुर्गला लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्चनं एकत्र सही केली, की आपल्या कुठल्याही गुणामुळं नव्हे तर केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा आपली अंतःकरणं नवी करून सत्कर्मांसाठी सज्ज करतो. २००६ ला मेथडिस्टही त्यात आले. म्हणजे मलप्रभेकाठचे आणि मी ह्या बाबतीत एकाच कागदावर आहोत, गावात कुणी सांगत नाही ते सोडा.

रात्रपाळी
मी बेळगावात नर्स आहे. एरवी नुसती वाचते, पण वखारीची पोस्ट वाचून राहवलं नाही.

रात्री वॉर्डात म्हातारी माणसं बोलतात, दिवसा नातेवाईक असताना बोलत नाहीत. एक आजी होती. आयुष्यभर चर्चची झाडलोट केली, नवऱ्यामागं धुणीभांडी करून भावाच्या पोरी वाढवल्या, त्यांची लग्नं केली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून मला म्हणाली, "बाई, एवढं केलेलं पुरंल काय गं?" मी मास्क परत बसवला, नाडी बघितली, पण उत्तर काय देणार. तिनं चांगलं केलं नव्हतं असं नाही ओ. पण किती केलं की पुरे हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी कोण. डोळ्यात जी भीती होती ती मी अजून विसरले नाही.

म्हणून वखारगल्ली दादांना सांगायचंय, कर्माची भीती घालून वखारवाला सुधारेल की नाही मला माहीत नाही, पण ती भीती जाऊन बसते ह्या आजीसारख्यांच्या छातीवर. ज्यांना भ्यायला पाहिजे ते भीत नाहीत.

गुंटूरहून_परत
अक्का, तुमची पोस्ट आणि वखारगल्लींची पोस्ट शेजारी शेजारी ठेवली की अख्खी लूथरन शिकवण त्यात आली. मनापासून सांगतो, इथून पुढं मी जे लिहितोय ते मला ह्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लूथरन पाळकाला पहिली गोष्ट शिकवतात ती म्हणजे नियमशास्त्र आणि सुवार्ता ह्यांचा भेद करणं. देवाच्या वचनात दोन्ही आहेत. नियमशास्त्र मागतं आणि दोष दाखवतं, सुवार्ता देते आणि क्षमा करते. कुणाला काय सांगायचं हे समोरचा माणूस बघून ठरतं. वखारवाल्याला त्या घडीला कृपा सांगायचीच नाही. त्याला सातवी आज्ञा सांगायची, चोरी करू नको. (लूथरन मोजणीत चोरीची आज्ञा सातवी येते.) १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत लूथरनं ह्या आज्ञेवर जे लिहिलंय ते वाचून अंगावर काटा येतो. कुलपं फोडणारे चोर राहू द्या, म्हणतो, खरे दरोडेखोर गादीवर बसतात, मोठे प्रतिष्ठित म्हणवतात आणि कायदेशीर दिसेल अशा रीतीनं लुटतात. आणि गरिबाचा उसासा देवापर्यंत पोचतो, तो फुकट जात नाही, हेही तिथंच लिहिलंय. हजेरी खाणाऱ्या माणसानं आधी बायकांचे पैसे परत करायचे, साक्ष मग. त्याला आमेन म्हणणाऱ्या मंडळीनं त्याचं नुकसान केलं आणि बायकांचंही.

आणि आजीला? तिला एकसुद्धा आज्ञा सांगायची नाही. तिला सांगायचं, आजी, पुरत नाही, पण पुरायची गरजच नाही, ख्रिस्तानं पुरवलंय. तुम्ही केलेलं कुठं वाया गेलं नाही, ते त्या पोरींच्या संसारात आहे, पण देवापुढं उभं राहताना ते हातात धरून जायचं नाही, मोकळ्या हातानं जा. लूथर १५४६ ला वारला तेव्हा त्यानं शेवटी लिहून ठेवलेल्या चिठ्ठीत हेच होतं, आपण भिकारी आहोत, हे खरं आहे. लूक अठराव्या अध्यायातला जकातदार छाती बडवून एवढंच म्हणाला, हे देवा, मज पाप्यावर दया कर, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. त्याच गोष्टीतल्या परूशाची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याची, यादी लांब होती.

उलटं केलं की दोघंही मरतात. वखारवाल्याला कृपा दिली की तो निर्ढावतो आणि आजीला नियमशास्त्र दिलं की ती निराश होते. आणि आपल्याकडं बहुतेक वेळा उलटंच होतं, कारण वखारवाला वर्गणी देतो आणि आजी ऐकून घेते.

वखारगल्लींचा आक्षेप लूथरला स्वतःलाही दिसला होता. १५२८ च्या सुमाराला सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी केली आणि तो हादरला, लहान प्रश्नोत्तरावलीच्या प्रस्तावनेत लिहितो की सुवार्ता आली तर लोक स्वातंत्र्याचा गैरवापर करण्यात मात्र तरबेज झालेत. १५३० च्या सुरुवातीला तर लोक सुधारत नाहीत म्हणून विटेनबर्गला उपदेश करणंच त्यानं काही काळ बंद केलं. पुढं बोनहोफर ह्या लूथरन पाळकानं १९३७ ला ह्यालाच स्वस्त कृपा म्हटलं, पश्चात्तापावाचून क्षमा वाटत सुटणं, आणि तो माणूस हिटलरच्या विरोधात उभा राहिला, १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी गेला. म्हणजे ही शिकवण माणसाला ढिला करते असं सरसकट म्हणता येणार नाही.

याकोबाबद्दल. कॅम्पातले भाऊ, लूथर तिथं घसरला असं मला वाटतं, आणि लूथरन लोकही त्याचं प्रत्येक वाक्य शिरोधार्य मानत नाहीत, त्यांनी याकोबाचं पत्र बायबलमधून काढलं नाही. पण बघा, त्याच १५२२ मध्ये रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विश्वास ही जिवंत, खटपटी, सतत काम करणारी गोष्ट आहे, सत्कर्म करू का असं ती विचारत बसत नाही, विचारायच्या आधीच करून मोकळी होते. हे याकोबाच्या विरुद्ध कुठं आहे? निर्जीव विश्वास निर्जीव आहे हे दोघंही म्हणतात. आणि मेथडिस्टांसाठी खास, २४ मे १७३८ ला लंडनमध्ये आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत हीच प्रस्तावना कुणीतरी वाचत होतं, तेव्हा मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचं अंतःकरण विलक्षण ऊबदार झालं. तो पुढं लूथरवर टीकाही करतो, पण सुरुवात ह्या पानापासून आहे.

निपाणी_वखारगल्ली
गादीवर बसलेले दरोडेखोर, हे आमच्या इथं भिंतीवर लिहायला पाहिजे. आजीचं पण पटलं. अजून एक, ही भानगड लूथरच्या पाठीमागं मिटली की नाही?

गुंटूरहून_परत
मिटली नाही, पेटली. गेऑर्ग मायर म्हणून त्यांच्यातलाच एक, तो म्हणाला तारणासाठी सत्कर्मं आवश्यक. त्याला विरोध करताना आम्सडॉर्फ इतका चिडला की म्हणाला, सत्कर्मं तारणाला घातक. १५७७ च्या एकमताच्या मसुद्यात (लूथरन लोकांनी वाद मिटवायला केलेला ठराव) दोघांचीही वाक्यं नाकारली. सत्कर्मं आवश्यक, हो. तारण मिळवायला आवश्यक, नाही. आणि घातक म्हणाल तर कर्म घातक नसतं, त्यावर टेकणं घातक. मलप्रभेकाठच्या पोरांना हे एवढं दिलं तरी पुष्कळ.

सौंदत्ती_रोड
शरणू. आम्ही लिंगायत. बसवण्णांच्या शरणांचं (अनुयायांचं) कायकवे कैलास, म्हणजे काम हाच कैलास, तुम्हाला माहीत असणार. लूथर पण सगळ्या कामांना सारखा मान देतो असं ऐकलंय, पुजाऱ्याचं काम मोठं आणि चांभाराचं लहान असं नाही. बाराव्या शतकात आमच्या भागात हे म्हटलं गेलं, त्यांच्याकडं सोळाव्यात. जुळतंय की.

गुंटूरहून_परत
शरणू अण्णा. जुळतंय, खूपच जुळतंय. १५२२ ला विवाहाबद्दल लिहिताना लूथर म्हणतो, बाप बाळाचे लंगोट धुतो तेव्हा शेजारी हसतील, पण देव सगळ्या दूतांसह आनंदानं हसतो, कारण तो ते विश्वासानं करतोय. मठातल्या जपापेक्षा हे काम खालचं नाही. आउग्सबुर्गच्या १५३० च्या अंगीकारातला (लूथरन लोकांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातला) विसावा लेखही तेच सांगतो, आमच्यावर खोटा आरोप आहे की आम्ही सत्कर्मं नको म्हणतो, उलट पूर्वी उपदेशात जपमाळा आणि यात्राच असायच्या, आपापल्या नेमलेल्या कामाबद्दल कुणी बोलत नव्हतं.

फरक सांगायचा तर, मला समजतं त्याप्रमाणं, शरणांसाठी कायक स्वतःच कैलास आहे. लूथर कामाला स्वर्ग म्हणणार नाही. स्वर्ग दिलेला आहे, काम शेजाऱ्याचं आहे. आणि कायकाबरोबर तुमच्यात दासोह येतो, कमाई वाटणं, तिथं मात्र दोघं परत जवळ येतात. १५२३ ला लाइस्निग गावानं सगळ्यांची मिळून एक पेटी केली, त्यातून गरीब, म्हातारे, पोरकी मुलं ह्यांना मदत, आणि लूथरनं तिच्या नियमांना प्रस्तावना लिहून दिली.

सौंदत्ती_रोड
दासोहाचं बरोबर बोललात. छान वाटलं.

रात्रपाळी
लोक मला म्हणतात, सिस्टर तुम्हाला लई पुण्य लागतंय. मला ते ऐकून अवघडायला व्हायचं, आता कारण कळलं. पेशंटचं अंग पुसताना मी माझ्या खात्याचा विचार केला तर पेशंट माझ्यासाठी साधन झाला की. एक विचारते, कोविडच्या वेळी पळून जावंसं वाटायचं. लूथरच्या वेळी साथी होत्या काय?

गुंटूरहून_परत
होत्या. १५२७ ला विटेनबर्गला प्लेग आला, त्याला जा म्हणून सांगितलेलं, तो बायको कातरीनासह थांबला आणि आजाऱ्यांची सेवा केली. त्या वेळी लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, ज्याच्यावर कुणाची जबाबदारी नाही त्यानं गेलं तर पाप नाही, पण पाळक, अधिकारी, सेवा करणारे ह्यांनी जागा सोडू नये. आणि घरात धुरी द्या, औषध घ्या, गरज नसेल तिथं जाऊ नका, असंही लिहितो. उगाच धाडस दाखवून देवाची परीक्षा बघणाऱ्यांना तो झापतो. पळावंसं वाटणं ह्याला तो पाप म्हणत नाही अक्का.

मलप्रभेकाठचा
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. बुधवारच्या प्रार्थनेत ते पोर असेल, त्याला आधी ९५ मधला ४३ आणि ४५ वाचायला देणार आणि मग वखारवाला आणि आजी, नावं न घेता. वडीलधाऱ्यांनाही बसवणार.

शेवटचं एक अडलंय. येशू स्वतः प्रतिफळाबद्दल बोलतो, तुमचं प्रतिफळ स्वर्गात मोठं आहे, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात. आणि पंचविसाव्या अध्यायात मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलं. तिथं तर कर्मंच मोजली. पोरं हे विचारणारच.

गुंटूरहून_परत
विचारू देत. लूथरचा सहकारी मेलान्श्थोन, त्यानं १५३१ ला आउग्सबुर्गच्या अंगीकाराचं समर्थन लिहिलं त्यात हे टाळलेलं नाही. तो मान्य करतो की सत्कर्मांना देव ह्या आयुष्यात आणि पुढच्यातही प्रतिफळ देतो, तसं वचनच आहे. पण पापक्षमा आणि देवाची लेकरं होणं हे प्रतिफळात येत नाही, ते आधी फुकट मिळतं. लेकरू झाल्यावर बापानं कामाचं कौतुक केलं तर त्यात अडचण काय.

आणि मत्तय पंचवीस पोरांना सावकाश वाचायला सांगा. राजा उजवीकडच्यांना आधी म्हणतो, जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी सिद्ध केलेलं राज्य वतन घ्या. वतन वारसानं मिळतं, मजुरीनं नाही, आणि ते तयार झालं तेव्हा ह्यातला कुणी जन्मलाही नव्हता. मग तो त्यांच्या कामांची यादी सांगतो आणि ते गोंधळून विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेलं बघितलं? त्यांनी हिशोबच ठेवलेला नव्हता. बुधवारी काय चर्चा झाली ते इथंच लिहा, आणि ते पोर तयार असेल तर त्यालाच लिहू द्या.